सोमवारची भाजी

आमच्या घरी सोमवार दोन आवाजांनी उजाडत असे. माय चुलीतली राख ओढून काढायची तो एक, आणि पडवीत मांडी घालून बसलेले आप्पा झाडांच्या बिल्ल्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळा ठेवून हातोडीने आकडे उठवायचे तो दुसरा. ठक, ठक, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा ठक. त्या शांततेत आप्पा उठवलेल्या आकड्यावरून बोट फिरवून तो नीट आला आहे की नाही हे पाहत, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच उतरला होता. बीडच्या डॉक्टरांनी ‘अजून पिकू द्या, मग काढू’ असे सांगून त्यांना परत पाठवले होते. मी अंथरुणात पडल्यापडल्या तो आवाज ऐकत असे आणि मला वाटे, कोणीतरी माझ्याच दाराला बाहेरून खिळे ठोकत आहे. आज त्याच पडवीत बसून हे लिहिताना त्या विचाराची मला लाज वाटते. पण त्या वयात तो विचार खरा होता, आणि त्या वयाचे जे खरे, तेच इथे लिहावे असे मी ठरवले आहे.

कपिलधारच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आमचा माळ आहे. वर मुरूम, खाली खडक. दिंद्रुडच्या भुसाराच्या दुकानातली आपली वाटणी धाकट्या भावाच्या हवाली करून आप्पांनी तो घेतला, तेव्हा सगळ्या नातलगांनी त्यांना वेड्यात काढले होते. आमच्या डोंगरात जी जी झाडे आपोआप उगवतात, त्यांतल्या प्रत्येक जातीचे झाड एका जागी, ओळखीसकट उभे करायचे, एवढाच त्यांचा हेतू होता. लोक त्याला ‘आप्पाचं बन’ म्हणत. बनाची शिस्त मात्र त्यांनी दुकानातूनच उचलून आणली होती. दुकानात प्रत्येक पोत्यावर ते कोणत्या गावच्या, कोणाच्या खळ्यावरचे, याची खूण असे, आणि मिसळीचा माल आप्पा पायरीवरसुद्धा ठेवू देत नसत. झाडांचेही तसेच. बी कोणत्या झाडाखालचे, ते झाड कोणाच्या बांधावर, बी कोणी वेचले, हे ठाऊक असल्याखेरीज रोप आत येत नसे. ज्याच्या बांधावरचे झाड, त्याला विचारल्याशिवाय आप्पा खाली पडलेल्या शेंगेलाही हात लावत नसत. बिल्ला हरवलेली, मूळ विसरलेली झाडे कुंपणाबाहेरच्या ओळीत जात. त्या ओळीला घरात ‘पाहुणे’ म्हणत. पाहुण्यांना पाणी मिळे, पण आकडा मिळत नसे.

आत आलेल्या झाडाला आकड्याचा बिल्ला आणि एक नोंदपत्र मिळे. नोंदपत्रावर पान, साल, फूल, शेंग किंवा फळ यांची जागा आखलेली असे आणि सोबत त्यांचे नमुने, जुन्या वर्तमानपत्रांत ठेवून लाकडी चौकटीत दाबून वाळवलेले. रोप लहान असताना पुष्कळशी झाडे एकमेकांसारखी दिसतात. म्हणून फूल प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज नावापुढे पक्की खूण होत नसे. ऐकीव माहितीला नोंदपत्रावर जागा नव्हती. फूल दिसले नाही, तर ‘नाही’ असे लिहायचे. “न्हाई ही बी नोंदच असती,” आप्पा म्हणत.

बीडला मामांकडे राहून मी पदवी घेतली. मामांचे घर कोर्टाच्या मागच्या गल्लीत होते. संध्याकाळी काळे कोट हातावर टाकून चहाला निघालेले वकील मी खिडकीतून पाही, आणि आपणही कायदा शिकायचा हे मनाशी ठरून गेले होते. मामांनी खोली राखून ठेवली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो, तर आप्पांना अक्षर दिसत नव्हते आणि अर्ध्याहून अधिक नोंदपत्रे अपुरी होती. त्यांनी मला समोर बसवले.

“शिवा, माझे डोळे गेले म्हून काम न्हाई जायचं. तू ही यादी पुरी कर. शेवटच्या झाडाच्या नावापुढं खूण झाली की तू मोकळा. मी अडवणार न्हाई.”

मी होकार दिला. एका उन्हाळ्याचे काम असेल असे मला वाटले होते. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. मेडशिंगी फुलली, धावडा फुलला, पाडळ फुलली, आणि एकेका खुणेबरोबर मी बीडच्या जवळ जात होतो. शेवटी एकच नोंदपत्र उघडे राहिले. ते कांचनाचे.

कांचन मायचा होता. दिंद्रुडच्या तिच्या माहेरी, घरामागे एक कांचन होता. तिने त्याच्या शेंगा पदरात बांधून आणल्या होत्या. पुढे घर वाढवताना ते झाड तोडले गेले. अडचण अशी की कांचन दोन तऱ्हेचे. एक फाल्गुनात, पाने झडलेल्या उघड्या फांद्यांवर फुलतो आणि त्याच्या फुलात पाच केसर असतात. दुसरा दिवाळीच्या सुमाराला, पानांतून फुलतो आणि त्याला तीन. पाने जवळजवळ सारखी, त्यामुळे पानांवरून निवाडा करायला आप्पा तयार नव्हते. माय म्हणे, “आमच्या घरामागं शिमग्याला लई फुलायचा.” आप्पा म्हणत, “तू म्हनतीस ते खरंच असंल. पण ते झाड आता न्हाई. हे फुलू दे.” ते झाड आता आमच्या न्हाणीच्या मागे, सांडपाण्यावर वाढत होते. सांडपाण्यामुळे ते इतरांपेक्षा तरारून आले होते, तरी दिवाळी गेली, शिमगा गेला, फूल काही येईना.

दर सोमवारी सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवत आणि आमची बनाची फेरी निघे. मी पाहायचे, मी सांगायचे, मी लिहायचे. फेरी नेहमी कांचनापाशी संपे. मी वर पाही आणि म्हणे, “कांचन. फूल नाही.” माझी शिक्षा दर सोमवारी मी माझ्याच तोंडाने वाचून दाखवत होतो. शिमग्याच्या सुमाराला फांद्यांची टोके खुडल्यासारखी दिसत. मला वाटे, शेळीने खाल्ली असतील. शेळीचे तोंड तितके उंच पोचते का, हा विचार मी केला नाही, आणि आप्पांना सांगितलेही नाही, कारण नोंदपत्रावर खुडलेल्या टोकांसाठी जागा आखलेली नव्हती. आणखी एक गोष्टही लिहायला हवी. सोमवार सोडून आठवड्याच्या इतर कोणत्याही दिवशी मी झाडांकडे पाहतच नव्हतो. त्यांना पाणी घालत होतो, आळी करत होतो, वाळवी झाडत होतो, पण मान वर करत नव्हतो. कोंडलेला माणूस भिंतीकडे कशाला पाहील?

रविवारी किराणा आणायला फाट्यावर गेलो की चहाच्या टपरीवर चंद्या भेटे. तो माझा शाळेतला सोबती, आता जीप चालवत असे.

“काय बे शिवा, आलं का तुझं फूल?”

“न्हाई अजून.”

“आरं, लोकं नोकरीच्या कॉलची वाट बघतेत, पोरगी बघायच्या बोलावण्याची वाट बघतेत. तू पयला माणूस हायस जो झाडाच्या परवानगीची वाट बघतोय.” मग टपरीवाल्याकडे वळून, “मामा, ह्याला चहा द्या. ह्याचं लगीन झाडाशी लागलंय. माझ्या खात्यावर मांडा, सासुरवाडीचा माणूस हाय.”

सगळे हसत. मीही हसे. परत येताना तो माळ, ते तारेचे कुंपण, आणि झाडांवर टांगलेले, उन्हात चमकणारे बिल्ले दुरून दिसू लागले की माझी पावले मंद होत.

त्या घरातले एक सुख मात्र मला अजून जिभेवर आठवते. सोमवारी आप्पांचा आणि माझा उपवास असे, तो सूर्य मावळताना सुटे. शिमग्याच्या आगेमागे, त्या महिना-दीड महिन्यात, माय सोमवारी एक भाजी करायची. हिरव्या, बोटाच्या पेराएवढ्या कळ्या. त्या ती उकडून, पिळून घेई, मग तेलात लसूण आणि तिखट परतून त्यावर टाकी आणि शेवटी वरून शेंगदाण्याचे कूट घाली. किंचित कडसर, आणि त्या कडसरपणामुळे ज्वारीच्या भाकरीचा गोडवा वाढे. ताटे मांडली की आप्पा दर वेळी विचारत, “आज कशाची?” माय भाकरी थापता थापता म्हणे, “सावरीची.” आप्पा “बरं” म्हणून पहिला घास घेत. सावरीच्या कळ्यांची भाजी आमच्याकडे पुष्कळ जण करतात, आणि ओढ्याला आमच्या सावरी होत्या. मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागून घेई. दिवसभर गप्प असणारी माय तेवढ्या वेळी बोलकी होई. “घे अजून. बीडला तुझी मामी देणार हाय का अशी?” असे म्हणून ती माझ्या ताटात कढईचा तळ रिकामा करी. असे दोन शिमगे गेले.

तिसऱ्या शिमग्यातला तो रविवार. कायद्याच्या प्रवेशाची मामांकडे चौकशी करायला म्हणून मी सकाळीच बीडला निघालो होतो. प्रवेश मिळाला तरी जाता येणार नाही हे ठाऊक असून निघालो होतो. फाट्यावर बसून दुपार कलली. एक यष्टी न थांबता गेली, दुसरी आलीच नाही. चंद्याने चिडवायच्या आत परत फिरावे म्हणून मी मागच्या पायवाटेने, न्हाणीच्या बाजूने घरी आलो.

माय पालथ्या घमेल्यावर उभी होती. एका हाताने तिने कांचनाचे खोड धरले होते, दुसऱ्या हातात शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी होती. कमरेला खोचलेला पदर कळ्यांनी फुगला होता. खालच्या फांद्या हात पोचेल तिथवर साफ झाल्या होत्या. अगदी शेंड्याला, आकडीच्या टोकाच्या वीतभर वर, एक फूल उघडे होते. जांभळट गुलाबी, निळ्या आभाळात एकटे. टाचा उंचावून ती त्याच्याशी झटत होती.

“कोण हाय?” तिने न वळता विचारले.

“मी.”

ती घमेल्यावरच थांबली. “बीडला गेलतास ना?”

“यष्टी आली न्हाई. माय, हे काय चाललंय?”

“भाजीला कळ्या.”

“सावरीच्या म्हनत होतीस.”

“सावर वढ्याला हाय. माझे गुडघे जातेत का तितवर?”

“अन् वरचं ते? उमललेल्या फुलाची भाजी करतेत का कुणी?”

तिने आकडी खाली घेतली. मग मला एकेक करून सगळे उलगडत गेले: खुडलेली टोके, रविवारची संध्याकाळ, सोमवारची सकाळ, कढईचा तळ. ज्या फुलाची मी वाट पाहत होतो, ते मी मागून मागून खात होतो.

“कावून केलंस गं असं?” माझा आवाज चढला. मी सहसा मोठ्याने बोलत नाही, तेव्हाही बोलत नसे. “दोन वर्सं तू मला कोंडून घातलंस हितं.”

माय घमेल्यावरून खाली उतरली. रडली नाही. पदरातल्या कळ्या सांडू नयेत म्हणून तिने तो एका हाताने धरून ठेवला होता.

“कोंडून?” ती म्हणाली. “तुझा आप्पा बी वेचायच्या आधी ज्याचं झाड त्याला इचारतो. दिंद्रुडहून मला हितं आणताना कुणी इचारलं रे? भरल्या घरातली, दुकानातली मी. दिसभर माणसाचं तोंड दिसत न्हाई. त्यांचं बोलणं झाडाशी. तू हायस म्हून ‘माय, भाकर वाढ’ एवढं तरी कानावर पडतं.”

मी पुढे झालो. तिच्या हातातली आकडी घेतली, घमेल्यावर चढलो आणि फांदी ओढली. फूल सुटले. वरून काही पडताना दिसले की बायका करतात तसा तिने सवयीने पदर पुढे केला, आणि ते कळ्यांवर अलगद येऊन पडले. तिने ते क्षणभर पाहिले. तिच्या माहेरच्या परसातले, इतक्या वर्षांनी पाहिलेले फूल. मग देठाला धरून माझ्यापुढे केले.

“जा. दे त्यांना.”

आप्पा पडवीत होते. मी फूल त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी पाकळ्यांतून करंगळी आत घातली आणि ओठ हलवत केसर मोजले.

“पाच,” ते म्हणाले. “फांदीला पानं?”

“एक बी न्हाई.”

“म्हंजी शिमग्याचाच. तुझी माय म्हनली होती तसा.” त्यांनी फूल उलटे करून देठावरून अंगठा फिरवला. मग हळू म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

“काय?”

“सावरीची कळी बुळबुळीत लागती. कांचनाची कडसर. पयल्याच घासाला कळलं मला.”

“मग बोलला का न्हाईत?”

“चव नोंदीत बसत न्हाई, शिवा.” त्यांनी फूल माझ्या हातात परत दिले. “असं मी मनाला सांगितलं. तू गेल्यावर मला बन कोण वाचून दाखवणार होतं?”

मायची भीती आणि आप्पांची भीती एकाच ताटात वाढली जात होती, आणि दोघांनी एकमेकांना कधी त्याबद्दल विचारले नव्हते, हे मला त्या संध्याकाळी दिसले. दिसले, पण कळले असे म्हणवत नाही. त्या वेळी मला फक्त दार उघडल्याचा आवाज ऐकू आला होता.

माय दारात येऊन उभी होती. पदर अजून भरलेलाच. “अन् शेंगंचं काय?” ती म्हणाली. “कागदावर शेंगंची बी जागा हाय न्हवं?” तिच्या स्वरात आशा होती, आणि ती लपवण्याचा तिने प्रयत्न केला नाही.

शेंग धरायला, वाळायला अजून उन्हाळा जावा लागला असता. मी आप्पांकडे पाहिले. नियम त्यांचा होता, आणि तो त्यांनी कोणासाठीही कधी वाकवला नव्हता.

“शेंग मी बघीन,” आप्पा म्हणाले. “शेंगंला डोळे लागत न्हाईत. हाताला कळती. कागद आण रे.”

मी नोंदपत्र आणले, फूल कागदांत ठेवले, चौकट आवळली आणि नावापुढे खूण केली. शेवटी एकच जागा रिकामी उरली.

“नमुना कोणी घेतला, तिथं काय लिहू?”

“झाडावरून काढलं कुणी?”

“आकडी मी ओढली. झेललं मायनं.”

“मग तिचं लिव. महादेवी. गाव, दिंद्रुड.”

आप्पांच्या तोंडून मायचे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. माय झटक्यात आत वळली. थोड्या वेळाने चुलीवर तेल तापल्याचा आवाज आला, पण तो उपवासाचा दिवस नव्हता, आणि भाजी वांग्याची होती. पदरातल्या कळ्यांचे तिने काय केले, ते मला माहीत नाही.

त्या आठवड्यात मी बीडला गेलो. चंद्याच्या जीपमधूनच गेलो आणि त्याने भाडे घेतले नाही. “माहेरी चाललास बे, आहेर समज,” म्हणाला. निघताना माय कुंपणापर्यंत आली होती. ‘कोंडून घातलंस’ हा शब्द मी परत घ्यायला हवा होता. जीप सुरू होईपर्यंत तो माझ्या ओठांवर होता, आणि जीप सुरू झाल्यावर मी पुढच्या रस्त्याकडे पाहिले. पुढे कोर्टात मी आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू मांडली. तिची बाजू, जी तिने घमेल्याशेजारी उभी राहून चार वाक्यांत मांडली होती, तिला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते आणि आजही नाही. वकिली आवरून मी आता या माळावर परत आलो आहे, दोघेही गेल्यानंतर. नवी रोपे लावतो, बिल्ल्यांवर आकडे उठवतो. दिवसभर इथे माणसाचे तोंड दिसत नाही. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते हे समजायला मला तिच्याच जागी येऊन बसावे लागले.

पण मला शेवट मी बीडला गेलो त्याच्या पुढच्या शिमग्याने करायचा आहे. सुट्टी काढून मी घरी आलो तो सोमवारी. मोतीबिंदू पिकला होता. मामांनी आप्पांना बीडला नेऊन तो काढून आणला होता आणि त्यांच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. कांचनाच्या नोंदपत्रावर शेंगेच्या जागी त्यांच्या चाचपडत्या अक्षरात नोंद झालेली होती. मी न्हाणीमागे जाऊन आलो. यंदा कोणी सांगितले नव्हते तरी मान वर केली. खालच्या फांद्या आकडी पोचेल तिथवर खुडलेल्या होत्या, आणि त्याच्या वर, जिथे आकडी पोचत नव्हती तिथे, सगळा कांचन फुलला होता. मधमाश्यांचा आवाज घरात ऐकू येत होता.

सूर्य मावळता मावळता ताटे मांडली. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. आप्पांनी ताटावर वाकून, नव्या भिंगांतून भाजीकडे नीट पाहिले, आणि तरीही नेहमीसारखे विचारले, “आज कशाची?”

मायचे हात पिठावर थांबले.

“कांचनाची,” ती म्हणाली.

“बरं,” म्हणून आप्पांनी पहिला घास घेतला. मग मी घेतला.